एका हाताचे कपडे

मला घरात सगळे कात्री म्हणतात. जिभेवरून म्हणतात की हातावरून, हे मी कधी विचारलं नाही. दोन्ही लागू पडतं. आमच्या घरात कुठलीच वस्तू तिच्या पहिल्या नोकरीवरून निवृत्त होत नाही. पडद्याची उशी होते, उशीचं पायपुसणं होतं, आणि पायपुसणं विरलं तरी त्याच्या कडेचा धड राहिलेला तुकडा गरम भांडी धरायला येतो. माझा नवरा फ्रिज दुरुस्त करतो. त्याच्या शर्टाची कॉलर विरली की तो शर्ट स्वतःच घडी करून माझ्या मशीनवर आणून ठेवतो, आणि जाताना त्याच्याकडे एकदा वळून बघतो.

कापड विकत आणायचं नाही हा माझा नियम. हातात पैसा बेताचाच असतो, हे एक कारण झालं. दुसरं म्हणजे, ताग्यातून काय, कोणीही शिवेल. वापरलेल्या कापडाला खिसा असतो, डाग असतो, कुठेतरी भोक असतं, आणि ते सगळं चुकवून त्यातून अंगावर घालण्यासारखं काही काढायचं तर डोकं लागतं. ते मला आहे. नम्रपणा मला जमत नाही आणि या वयात शिकायची हौसही नाही.

ताई माझी मोठी बहीण. छापखान्यात मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांच्यावर लाल खुणा करणं हा तिचा धंदा, आणि घरी आली तरी तिची नजर कामावरच असते. मी शिवलेल्या कशाकडेही बघून ती आधी "छान" म्हणते, आणि मग जिथे शिलाई तिरकी गेली असेल नेमकं तिथे बोट ठेवते. त्यावरून आमचं लहानपणापासून वाजत आलंय. तिने लग्न केलं नाही. सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची, आपल्या वेळेला उठायची, आपल्या वेळेला जेवायची. त्यात काही कमी आहे असं तिला कधी वाटलं नाही. मला वाटायचं, पण मला कोणी विचारलं नव्हतं.

गेल्या थंडीत तिच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली आणि डावी बाजू गेली. दवाखान्यातून तिला आम्ही थेट आमच्या घरी आणलं आणि मधल्या खोलीत तिचा पलंग टाकला. पाय हळूहळू ताळ्यावर आला. काठी घेऊन ती जिना चढू-उतरू लागली. तोंड सरळ झालं, आणि जीभ तर तिची कधी गेलीच नव्हती. डावा हात मात्र परत आला नाही. तो खांद्यापासून नुसता लोंबत राहिला. ताईने त्याचं नाव 'पाहुणा' ठेवलं. खुर्चीत बसली की ती उजव्या हाताने त्याला उचलून मांडीवर ठेवायची आणि म्हणायची, "बसा."

रोज सकाळी तिला कपडे मी घालायचे. खरं सांगते, मला ते फार आवडायचं. जिने आयुष्यात कधी कोणाला आपलं काही करू दिलं नाही ती ताई माझ्यासमोर मुकाट उभी राहायची, मी तिची बटणं लावायची, केस नीट करायचे, आणि तेवढ्या वेळात आमच्या ज्या गप्पा व्हायच्या त्या आधी कधीच झाल्या नव्हत्या. मी हातातली कामं टाकून तिच्या उठण्याची वाट बघायची.

तिला मात्र घरी जायचं होतं. दुसरा विषय नव्हता.

आठवड्यातून एकदा व्यायामाच्या बाई यायच्या. ताईच्या हातापायांना त्याच व्यायाम देत होत्या. उंच, शांत, शब्द मोजून वापरणाऱ्या. त्यांनी ताईला एका हाताने चहा करायला लावला, अंघोळ करायला लावली, गॅस बंद करून दाखवायला लावला. सगळ्यात ताई पास. राहिले कपडे.

"सकाळी उठून आतल्या कपड्यांपासून स्वेटरपर्यंत सगळं एकटीने घालता आलं पाहिजे," बाई म्हणाल्या. "तेवढं जमलं की एकट्या राहायला माझी हरकत नाही."

ताईने मला शब्द दिला होता की बाई हो म्हणेपर्यंत ती आमच्याकडून हलणार नाही. आणि मी तिला शब्द दिला होता की बाई हो म्हणाल्या की मी अडवणार नाही. दोघींनी तो शब्द माझ्या नवऱ्यासमोर दिला होता, म्हणजे त्याला साक्षीदार करून आम्ही त्याची पंचाईत करून ठेवली होती.

"कपड्यांचं माझ्यावर सोडा," मी बाईंना म्हणाले.

असे कपडे तयार मिळतात, म्हणून बाईंनी एका दुकानाचा पत्ता दिला. मी गेले. एका साध्या शर्टाची किंमत ऐकली आणि विकणाऱ्या मुलीला विचारलं, "यात घालून द्यायला माणूसही येतो का?" ती हसली नाही. मी शर्ट उलटा करून आतली शिवण बारकाईने बघून घेतली, तिचे आभार मानले आणि घरी येऊन जेवणाच्या टेबलावरच्या बरण्या उचलल्या.

ते टेबल पुढे आठवडाभर जेवायला मिळालं नाही. नवरा ताट मांडीवर घेऊन जेवला. मी मधल्या खोलीचा जाड निळा पडदा उतरवून त्याची पँट बेतली. नवऱ्याचे दोन चौकड्यांचे शर्ट उसवून त्यांचा एक सैल सदरा केला. हात वाकत नाही ना, मग हात बाहीत घालायचाच कशाला? मी सदऱ्याची डावी बाजू गळ्यापासून मनगटापर्यंत आणि काखेपासून कमरेपर्यंत सरळ उघडी ठेवली. कापड पाहुण्यावरून नुसतं पांघरायचं आणि वरून टिचबटणं दाबत यायचं. पँटलाही डावी बाजू उघडी, आणि तिथे जुन्या दप्तराचं काढलेलं वेल्क्रो. चौकड्या चौकड्यांना अशा जुळल्या होत्या की जोड कुठे आहे ते मलाही शोधावं लागत होतं.

ताईला घालून बघितलं. टिच, टिच, टिच, आणि झालं. नवऱ्याचा चहा निवायच्या आत ताई पायापासून गळ्यापर्यंत तयार. मी दोन पावलं मागे सरून तिच्याकडे बघितलं आणि मला माझाच हेवा वाटला.

"छान," ताई म्हणाली. बोट कुठेच ठेवलं नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

बाई आल्या. मी ताईच्या मागोमाग तिच्या खोलीत शिरले, तर बाईंनी मला हाताने थांबवलं. "तुम्ही बाहेर थांबा. त्यांना एकटीला घालू दे."

मी बाहेर थांबले. आतून टिच असा एक आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. मग कापड जमिनीवर पडल्याचा आवाज. मग पुन्हा एक टिच, आणि त्यापाठोपाठ ताईने उच्चारलेला एक शब्द, जो ती छापखान्यात कधी छापू देणार नाही. बाई दाराशी जाऊन "येऊ का?" म्हणाल्या. दार उघडलं तेव्हा ताई पलंगावर बसलेली होती. सदरा एका खांद्यावरून पाठीमागे घसरला होता, पँटचं वेल्क्रो सदऱ्याच्या टोकाला चिकटून बसलं होतं, आणि तिचा चेहरा लालबुंद झाला होता. तिला मी आजारपणातही इतकी केविलवाणी बघितली नव्हती.

"पुढच्या वेळी बघू," बाई म्हणाल्या, आणि शांतपणे निघून गेल्या.

मी लगेच सदरा सावरायला धावले. ताईने माझा हात बाजूला केला. सदरा काढून तिने टेबलावर पसरला आणि माझा खडू मागितला. मग एकेका टिचबटणापाशी ती एकेक फुली मारत गेली, मुद्रितावर मारते तशी.

"हे खांद्यावरचं. हे मी लावायचं? मला हे दिसत नाही. मान वळवली तरी दिसत नाही. कोणाला दिसतं? समोर उभी आहे तिला. हे काखेतलं. हे दाबायला आतून एक बोट लागतं आणि बाहेरून एक. मला दोन हात असते तर मी तुझ्या घरी कशाला आले असते? हे पँटचं. डाव्या बाजूला. पाहुण्याने लावायचं का ते?"

मी खडूच्या फुल्या मोजत राहिले. मला बोलायला काही न सुचणं ही आमच्या घरात बातमी असते. नवरा आतल्या खोलीतून डोकावून गेला.

"मापं माझी घेतलीस," ताई म्हणाली. "पण हात तुझे धरलेस. हे सगळे कपडे तुला घालायला सोपे आहेत."

ती बरोबर बोलत होती. मी प्रत्येक गोष्ट तिच्या समोर उभी राहून बेतली होती. प्रत्येक बटण माझ्या उजव्या हाताला जिथे सहज येईल तिथे लावलं होतं. इतकी वर्षं शिवते मी, उलटी बाही कधी लावली नाही, आणि इथे अख्खा जोड चुकीच्या माणसाच्या हातांसाठी शिवून बसले होते. मला इतका राग आला की मी उठून भांडी घासायला घेतली. जी घासलेली होती तीही घासली.

ताई काठी टेकत स्वयंपाकघराच्या दाराशी आली.

"एक विचारू? मी जावं असं तुला वाटतं का?"

मी नळ बंद केला. तिच्याशी खोटं बोलून उपयोग नव्हता. "नाही," मी म्हणाले. "मला तू इथेच हवीस. तू आल्यापासून मला सकाळी उठावंसं वाटतं."

ती दाराच्या चौकटीला टेकली. रागावली नव्हती.

"ते तुझ्या शिवणात दिसलंच मला," ती म्हणाली. "मलाही तुझ्याकडे वाईट नाही वाटलं, कात्री. पण इथे मी दिवसभर कोणाची तरी ताई असते. कोणीतरी माझ्याकडे बघत असतं, मी नीट बसलेय का, नीट गिळतेय का. माझ्या खोलीत मी कोणीच नसते. मला ते पाहिजे. तुला नाही कळणार, तुला माणसं लागतात. पण शीव तरी तसं. मी जाणार आहे असं धरून शीव."

मला ते कळलं नाही, हे आजही कबूल आहे. माणसाला कोणीच नसल्यासारखं का राहावंसं वाटेल? पण शिवायला कळावं लागत नाही. गिऱ्हाइकाला घट्ट गळा हवा असेल तर तो का हवा, हे शिंपी विचारत बसत नाही. मी हात पुसले, नवऱ्याचा पट्टा आणला आणि त्याच्यासमोर उभी राहिले.

"माझा डावा हात बांधा. कमरेशी. चांगला घट्ट."

"कशाला?"

"विचारू नका, बांधा."

त्याने बांधला. "तोंडाला पण काही हवंय का बांधायला?" त्याने विचारलं, आणि लगेच मागे सरकला. ताई खुर्चीत बसून हसत होती.

त्या सकाळी मी माझ्याच हातचा सदरा घालायचा प्रयत्न केला, आणि माझ्याच हातच्या सदऱ्याने मला घरभर फिरवलं. एक बाजू सावरली की दुसरी सुटायची. टिचबटण दाबायला गेले की कापड पुढे पळायचं. दातात धरलं तर दिसेना. भिंतीशी दाबून धरलं तर भिंतच बटण लावून घेईल असं वाटायला लागलं. वेल्क्रो ज्याला चिकटायला हवं ते सोडून बाकी सगळ्याला चिकटत होतं. मी शिव्या घातल्या, कापडाला, पट्ट्याला, शेवटी नवऱ्याला. ताईच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. आजारपणानंतर ती तशी हसलेली मी पहिल्यांदा बघत होते.

"पाहुण्याला आधी बसव," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"लुळा हात आधी. तू चांगला हात आधी घातलास, आता तो अडकला. बाहीची बटणं आधीच लावून टाक, ती मांडीवर पसर, पाहुण्याला तिच्यात सोड, खांद्यापर्यंत ओढ. मग डोकं. मग चांगला हात. त्याचं तो बघतो."

तिला सगळं माहीत होतं. मी रोज तिला कपडे घालत असताना ती ते मनात स्वतः घालत होती, आणि मी करत होते ती प्रत्येक चूक टिपत होती. मी विचारलं नव्हतं, म्हणून तिने सांगितलं नव्हतं. आता मी विचारलं, आणि मग तिला थांबवणं अवघड झालं.

दुसरा जोड आम्ही दोघींनी मिळून केला. सदऱ्याच्या बाजू मी बंद करून टाकल्या आणि पुढची बाजू साधी, नेहमीच्या शर्टासारखी उघडी ठेवली, कारण पुढचं तिला दिसतं. वर बटणं दिसतात, पण ती काजाच्या जागी नुसती वरून शिवलेली, शोभेची. त्यांच्या खाली चुंबकं. नवऱ्याने आधी फ्रिजच्या दाराच्या रबरातली चुंबकाची पट्टी आणून दिली आणि आपण मोठं योगदान दिल्याच्या आनंदात बसला. ती कापडातून ओढच धरेना. मग मी शेजारणींकडून फाटक्या पर्सा मागून आणल्या आणि त्यांची चुंबकाची गोल बटणं उसवून घेतली. ती अशी की दोन टोकं जवळ आली की आपली आपणच खटकन बसतात. त्याआधी बाईंना फोन करून विचारलं, तर त्यांनी एवढंच विचारलं की ताईच्या छातीत काही यंत्र बसवलेलं नाही ना. नव्हतं. पहिल्या दिवशी ताई चमचे लावून ठेवायला गेली आणि एक चमचा तिच्या पोटाला चिकटून बाहेर आला. मग मी चुंबकं जरा आत सरकवली आणि वर जाड अस्तर घातलं.

डाव्या बाहीचा प्रश्न निराळा होता. निर्जीव हाताची बोटं कापडात अडकतात. बाहीला आतून गुळगुळीत कापड हवं होतं, आणि रेशीम काही आमच्या घरात उशीखाली ठेवलेलं नसतं. मी माळ्यावरून मोडकी छत्री काढली, तिचं काळं कापड काड्यांवरून सोडवलं आणि बाहीला आतून लावलं. पाहुणा त्यातून असा घसरत खाली गेला की ताईने बाहीत डोकावून बघितलं. मनगटापाशी मी लाल फीत शिवली, म्हणजे सकाळी डावी बाही कुठली हे शोधावं लागू नये.

पँटला कमरेत रुंद इलास्टिक, आणि उजव्या बाजूला आतून कापडी कडी, अंगठा घालून वर ओढायला. स्वेटरची चेन खालून लावायला दोन हात लागतात, म्हणून मी ती खालची वीतभर कायमची शिवून टाकली. डोक्यातून घालायचा आणि मग वर ओढायची. आतल्या चोळीचे मागचे हूक काढून तिथे जुन्या बनियनची ताणणारी पट्टी लावली आणि ती चोळी खालून, पायातून घालायची केली. हे सुचलं ते ताईला. मला आधी ते शोभेसं वाटलं नाही. मग हात बांधून करून बघितलं, आणि दोन्ही हात धड असूनही मी माझी तशीच घालायला लागले. नवऱ्याला हे सांगितलेलं नाही.

सगळ्यात अवघड काम शिवण्याचं नव्हतं. ताई घालून बघत असताना गप्प बसण्याचं होतं. ती बाहीत चाचपडायला लागली की माझा हात आपोआप पुढे जायचा. दोन-तीन वेळा तिने काठीने तो हात खाली केला. शेवटी तिने मला फर्मान सोडलं की मी तिच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसायचं. मी बसले. मागे कापडाची सळसळ, श्वास, थांबणं, पुन्हा सळसळ. मी हातांना काम म्हणून चिंध्यांच्या पट्ट्या कापत बसायची, आणि त्या आठवड्यात इतक्या पट्ट्या झाल्या की त्यांची एक सतरंजी होईल. मागून ती सांगायची, "हे दोन बोटं खाली घे," "ही कडी मोठी कर," "इथे शिलाई तिरकी आहे." मी उठायची, करायची, पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसायची. मला वाईट वाटत होतं, पण कपडे रोज सुधारत होते, आणि चांगलं होत असलेलं काम मला सोडवत नाही.

बाई पुन्हा आल्या तेव्हा ताई खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. मी बाईंना चहा दिला. त्या सावकाश पीत होत्या. मी त्यांच्या कपाकडे बघत होते. आत धप्प असा आवाज झाला. मी ताडकन उठले.

"बसा," बाई म्हणाल्या.

"पडली असेल."

"काठी पडली. माणूस पडल्याचा आवाज वेगळा असतो. बसा."

मी बसले. चहा संपला, बाईंनी कप बशीत ठेवला, खिडकीबाहेर बघितलं, घड्याळाकडे मुद्दाम बघितलं नाही. मग दार उघडलं. ताई बाहेर आली. चौकड्यांचा सदरा, निळी पँट, वर स्वेटर, चेन गळ्यापर्यंत ओढलेली. घाम आला होता. ती खुर्चीपर्यंत चालत आली, पाहुण्याला उचलून मांडीवर ठेवलं आणि बसली.

बाईंनी गळा बघितला, खांदे बघितले. "आता काढून दाखवा," त्या म्हणाल्या.

मी ताईकडे बघितलं. आम्ही दोघींनी घालायचंच बघितलं होतं. काढण्याचा विचार डोक्यात आलाच नव्हता. माझ्या शिवण्यात तो कधीच येत नाही. ताईने मात्र चेन खाली ओढली, मान वाकवून स्वेटर मागून पुढे काढला, आणि सदऱ्याच्या कडेला धरून एक हिसका दिला. चुंबकं खटाखट सुटत गेली. छत्रीच्या कापडातून हात आपसूक बाहेर आला. घालायला जेवढा वेळ लागला त्याच्या मानाने हे काहीच नव्हतं.

"हो," बाई म्हणाल्या. आणि मग, जे त्या कधी करत नसत ते केलं. सदरा उलटा करून बाहीचं अस्तर बोटांत धरून बघितलं. "हे काय आहे?"

"छत्री," मी म्हणाले. "मला अजून एक मोडकी छत्री आणून द्या, तुमच्या दुसऱ्या कोणालाही शिवून देते. फुकट. फक्त माप द्यायला त्या माणसानेच यायचं, घरच्यांनी नाही."

त्या हसल्या आणि आणते म्हणाल्या. त्या गेल्यावर मी ताईला म्हणाले, "मग पुढच्या महिन्यात, हवा जरा बरी झाली की—"

"आज," ताई म्हणाली.

तिची पिशवी भरलेली होती. मी भिंतीकडे तोंड करून बसायची तेव्हा ती हळूहळू भरत होती. मी नवऱ्याकडे बघितलं. तो साक्षीदार होता. त्याने निमूटपणे पिशवी उचलली.

सायकलच्या दुकानावरच्या त्या खोल्या बंद राहून कुबट झाल्या होत्या. मी खिडक्या उघडल्या, पलंग झटकला, गॅस लावून बघितला, नळ सोडून बघितला, चादर बदलली, आणि चादर बदलल्यावर उशीचा अभ्राही बदलला. नवरा खाली जाऊन दुकानदाराशी बोलत उभा राहिला. मी फडकं शोधायला लागले तेव्हा ताईने काठी दाराकडे केली.

"तू आता जा."

"फरशी तरी पुसू दे."

"मी पुसेन."

"कशी पुसशील?"

"बघेन. जा."

मी बाहेर आले. तिने दार लावलं. मी जिन्याच्या माथ्यावर उभी राहिले. आमच्या घरी मी तिला आतून कडी लावू दिली नव्हती, पडलीस तर दार फोडावं लागेल म्हणून. इतके महिने ती उघड्या दाराच्या खोलीत झोपली, उघड्या दाराच्या मोरीत अंघोळ केली. आणि या दाराची कडी मला माहीत होती. दार फुगलेलं आहे. एका हाताने दार उचलून धरावं लागतं, तेव्हा दुसऱ्या हाताने कडी सरकते.

कडी हलली आणि अडली. पुन्हा हलली, पुन्हा अडली. माझा हात दारावर टेकलेला होता. मी बाहेरून जरा वर उचललं असतं तर ती लगेच बसली असती. मी हात काढून घेतला आणि पाठीमागे धरला. आतून दारावर खांदा टेकल्याचा आवाज आला, दार कुरकुरलं, आणि कडी सरकून शेवटपर्यंत बसली.

मला रडू आलं, आणि त्याच वेळी इतका अभिमान वाटला की मला कोणाला तरी ओरडून सांगावंसं वाटलं. सांगायला तिथे कोणी नव्हतं. जिच्याजवळ सांगायचं ती दाराच्या पलीकडे होती.

"कात्री," आतून ताईचा आवाज आला. "अजून उभी आहेस ना तिथे?"

"नाही," मी म्हणाले.

आत काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. मग तिच्या जुन्या आवाजात, मी लहान असताना ती मला हात धरून रस्ता ओलांडून द्यायची त्या आवाजात, ती म्हणाली, "बरं. मग नीट उतर. खालची पायरी तुटलेली आहे."

मी डोळे पुसले आणि कठडा धरून उतरले. खालच्या पायरीपाशी थांबून, पाय बघून टाकला.